टॉवेलात घेतलेली ओटी

सातारा,
शुक्रवार, २५ ऑक्टोबर १९९६

प्रिय मयूरी,

आज पहाटे उठून जिप्सी बाहेर काढली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा गेलो. दिघंचीच्या अलीकडे डांबरी सोडून आत मेंढरं राखणाऱ्या धुळाच्या वस्तीवर जाऊन आलो. वाटेत ओढ्यात गाडी रुतली, ती निघाली. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. दुपारी तिथे भाकरी झाली होती, म्हणून आल्यावर काही केलं नाही. सकाळी जाताना दूध तापवायचं राहिलं, ते नासलं.

आजचा दिवस एवढाच. पण एवढंच लिहून पाठवलं असतं तर तू काळजीत पडली असतीस, म्हणून सविस्तर लिहितो. मला पत्राची सवय नाही हे तुला माहीत आहे. आपल्याकडची पत्रं तुझी आई लिहायची आणि शेवटी माझ्यापुढे सरकवायची. मी खाली लिहायचो, 'मी ठीक आहे.' तू एकदा चिडून कळवलं होतंस की बाबांच्या हाताला तीनच शब्द येतात. तेही आता येत नाहीत.

ही गाडी तू बडोद्याला गेल्यावर आली. तू तिच्यात बसलीस दोनदाच, तेही बसस्टँड ते घर. तेव्हा तुला तिची पद्धत माहीत नसणार, आणि ती सांगितल्याशिवाय आज काय झालं ते कळायचं नाही. या गाडीची चारही चाकं ओढतात, पण आपोआप नाही. एरवी मागचीच दोन ओढतात. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताने फिरवायची एक गोल चकती असते, तिला हब म्हणतात. वाळू, चिखल, चढ आला की कुणीतरी खाली उतरायचं, दोन्ही हब फिरवायचे, मग गाडीतल्याने गिअरशेजारची लहान दांडी ओढायची. मग चारी चाकं लागतात. एकटा माणूसही हे करू शकतो. उतरायचं, फिरवायचे, परत चढायचं. पण तुझी आई आणि मी असे आम्ही दोघं होतो, त्यामुळे आमचं काम वाटलेलं होतं. गाडी तिची, हब माझे.

तिला गाडी कुणी शिकवली हे तू तिच्याकडून शंभर वेळा ऐकलं असशील. तुझे आजोबा पलटणीत ट्रक चालवायचे आणि त्यांनी पोरीला छावणीच्या मैदानात जीपवर बसवलं. मग सगळा जन्म कन्याशाळेत पी.टी.च्या बाई म्हणून शिटी फुंकण्यात गेला, आणि निवृत्त झाल्या झाल्या तिने एका कंत्राटदाराची वापरलेली जिप्सी घेतली. लोक हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आरेखक म्हणून आयुष्यभर कालव्याचे नकाशे काढले. कुठल्या माळावरून कुठली गाडीवाट जाते ते मला कागदावर पाठ होतं, प्रत्यक्ष मी त्यातली एकही पाहिलेली नव्हती. ती म्हणाली, चला, तुमच्या रेघा खऱ्या आहेत का बघू.

फार अवघड जागी आम्ही कधी गेलो नाही. बैलगाडी जाते तिथे जिप्सी जाते, एवढा तिचा नियम. ठोसेघरच्या वरचं पठार, कासच्या मागची जंगलवाट, आणि पुढे पुढे फक्त माण आणि आटपाडीकडचे माळ. झाड नाही, पाणी नाही, लांबवर मेंढरं, आणि वाट म्हणजे दोन चाकोऱ्या. तिला तेच आवडायचं. ओढा आला की ती गाडी थांबवायची. मी उतरायचो. आधी डावा हब, मग उजवा. मग बॉनेटवर हाताने दोनदा वाजवायचं आणि बाजूला सरून उभं राहायचं. ती एकदा हॉर्न द्यायची आणि गाडी घालायची. मी कडेला उभा राहून चाकांकडे बघत हाताने खुणा करायचो, डावीकडे, सरळ, थांब. पलीकडे गेली की ती थांबायची, मी चालत जायचो, हब मोकळे करायचो आणि शेजारी बसायचो. या सगळ्यात एक शब्द लागायचा नाही. माझ्यासारख्या माणसाला त्याहून चांगलं काम मिळालं नसतं. हे मी तिला कधी बोललो नाही. तिला कळत असेल असं धरून चाललो.

धुळाची ओळख अशाच एका ओढ्यात झाली. पहिल्याच वर्षी. मी कडेला उभा, ती गाडीत, चाकं वाळूत फिरताहेत आणि वर काठावर मेंढरांचा कळप येऊन थांबलेला. कळपामागे धुळा आणि त्याची बायको सुलाबाई. सुलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, "आगं बया, बाई हाकतीया आन् बापय नुसता हात वारं करतोय!" तुझ्या आईने काच खाली करून सांगितलं, आमच्याकडे असंच असतं, त्यांना हाकायला येत नाही. त्यावर धुळा मला म्हणाला, "आमच्यात बी तसंच हाय सायेब, फकस्त आमी बोलून दाकवत न्हाई." मग दोघांनी येऊन गाडी ढकलली. गाडी पांढरी म्हणून सुलाबाईने तिला एडका म्हणायला सुरुवात केली. एडका म्हणजे मेंढरातला नर. "ह्या एडक्याला शिंगं न्हाईत, पर खोड लय हाय." त्या दिवशी तुझ्या आईने तिला पुढच्या सीटवर बसवून सगळ्या माळाला फेरी मारून आणली. सुलाबाई उतरली ती तिची बहीण होऊन.

हे बहीण प्रकरण मला आधी गंमत वाटलं होतं. पण तुझ्या आईला भाऊबहीण नाही, आजोबा-आजी गेल्यावर अपशिंग्याचं घर बंद झालं, तिला माहेर असं उरलं नव्हतं. दर वर्षी दसरा झाला की ती दिवस मोजायला लागायची. धुळाची माणसं दिवाळीचा पाडवा झाला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि जेठात परत येतात. ती निघण्याआधी आम्ही एकदा जायचंच. जाताना ती सुलाबाईला लुगडं न्यायची. निघताना सुलाबाई तिची ओटी भरायची. तिकडे तांदूळ कुठला, ओंजळभर ज्वारी, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि म्हसवडच्या बाजारातला खण. तुझी आई जमिनीवर बसून पदर पसरायची आणि ती ज्वारी घरी आल्यावर वेगळी दळायची. त्या पिठाच्या भाकरी आम्ही दोघंच खायचो. मला सुलाबाई दाजी म्हणते. गेल्या वर्षी ओटी घेऊन उठताना तुझी आई गुडघा धरून थांबली, तेव्हा सुलाबाई म्हणाली होती, "फुडच्या साली पाटावर बसवते तुला, म्हातारी झालीस."

आषाढात तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा ती माणसं नुकतीच परत आली असतील. मिरजेला दवाखान्यात नेलं तेव्हा वाटेत ती म्हणाली होती, आटपाडीचा फाटा आला की सांगा. रस्ता वेगळा होता, फाटा लागलाच नाही. पुढचं तुला माहीत आहे. वस्तीवर फोन नाही, पत्र घातलं तर वाचणारं कुणी नाही. त्यांना कळवायचं राहिलं. तू तेराव्यानंतर निघालीस तेव्हा म्हणालीस, बाबा, गाडी विकून टाका आणि बडोद्याला या. मी नुसती मान हलवली. शिरवळचा एक कारखानदार गाडी बघून गेला आहे. त्याला हो म्हणायच्या आधी हे एक काम माझ्यावर होतं.

घरी कसं चाललंय असं तू प्रत्येक फोनवर विचारतेस. खरं सांगायचं तर चालत नाही. सकाळ होते, मी उठतो, चहा करतो. पेपर वाचतो आणि काय वाचलं ते आठवत नाही. मग दुपार येते ती जातच नाही. पूर्वीही मी दिवसभर गप्पच असायचो, पण तो गप्पपणा कुणाच्या तरी बोलण्याला लागून होता. ती स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत असायची आणि मी हूं म्हणायचो. परवा दूधवाल्याने विचारलं, उद्या लिटर का अर्धा, तर आवाजच फुटला नाही. बोटाने दाखवलं. आदल्या दिवशी मी कुणाशी बोललोच नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. जेवण करतो, पण भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नाही. ही तक्रार नाही. तू विचारतेस म्हणून लिहिलं. कमी होईल असं सगळे सांगतात. मला तशी काही चिन्हं दिसत नाहीत, आणि कमी व्हावं असंही वाटत नाही. कमी झालं तर मग काय उरलं?

तर आज निघालो. सुलाबाईला सांगायचं आणि परत यायचं. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते गाडीत मनात म्हणून बघत होतो. घरात कुणाचं काही झालं की ते लोकांना सांगायचं काम नेहमी तुझ्या आईचं असायचं. माझ्या आईचंही माझ्या भावांना तिनेच सांगितलं. मी शेजारी उभा असायचो. दहिवडीपर्यंत माझ्या मनात वाक्य तयार होतं. गोंदवल्याला ते मोडलं. म्हसवडला चहाला थांबलो, तिथे परत जुळवलं.

डांबरी सोडल्यावर माळाची वाट ठीक होती. तिने पुढे मला डांबरीपुरती शिकवली होती, तेवढ्यावर मी हळूहळू चालवत होतो. एरवी या वाटेवर मी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. परतीचा पाऊस होऊन गेला होता, ओढ्याला पाणी नव्हतं, पण वाळू ओली, मऊ होती. मी गाडी तशीच घातली. मध्यावर मागची चाकं फिरायला लागली आणि गाडी बसली. मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरलो. डावा हब फिरवला, मग उजवा फिरवला. बॉनेटवर दोनदा वाजवलं आणि बाजूला जाऊन उभा राहिलो.

मयूरी, मी उभाच राहिलो. हॉर्नची वाट बघत. इंजिन चालू होतं, चाकाच्या खड्ड्यात पाणी पाझरत होतं, ते मी बघत होतो. मला वाटलं आज ती वेळ लावतेय. हात वर करून 'चल' अशी खूणही केली. परत एकदा केली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वरून कुणीतरी हाक मारली. काठावर मेंढरं होती आणि धुळा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. तो हसत म्हणाला, "आवं सायेब, कुनाला हात करताय? गाडीत कोन न्हाई की!"

मी गाडीकडे बघितलं. गाडीत कुणी नव्हतं.

मिरजेला मी तिचा हात धरून बसलो होतो. मळवट भरला तेव्हा बायका भाग्याची म्हणत होत्या ते मी ऐकलं. अग्नी मी दिला, दहावा मी केला, डोकं मी भादरून घेतलं. एवढं सगळं करून मला जे कळलं नव्हतं ते त्या ओढ्यात धुळाच्या एका वाक्याने कळलं. तू म्हणशील बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. तसं नाही. माझं डोकं ठिकाणावरच आहे, म्हणूनच मी हब बरोबर फिरवले. मी त्या वाळूत खाली बसलो आणि मनात आलं की ही गाडी आता निघू नये. इथेच रुतून राहावी, मी पण राहावं, वरून पाणी यायचं तर यावं. हे तुला लिहायला नको होतं. पण खाडाखोड करत नाही.

धुळा उतरून आला. तो अजून थट्टेत होता. "बाईंनी सोडलं व्हय तुमाला एकल्याला? का भांडून आलाय?" मी दगड गोळा करायला लागलो, म्हणजे उत्तर द्यावं लागणार नाही. दोघांनी बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली सारल्या. वाकलो तेव्हा माझी टोपी पडली. डोक्यावर अजून बोटाच्या पेराएवढेच केस आले आहेत. धुळाने टोपी उचलली, झटकली, आणि माझ्या डोक्याकडे बघत तशीच हातात धरून राहिला. मग त्याने एकच शब्द विचारला, "कवा?" मी म्हटलं, "श्रावणात." तो मटकन खाली बसला. बराच वेळ वाळूत काठीने नुसता ओरखडे काढत होता. मेंढरं पांगली तरी उठला नाही. मग म्हणाला, "सुलीला म्या सांगू, का तुमी सांगताय?" मी म्हटलं, "मी सांगतो. त्यासाठीच आलोय."

मी गाडीत बसलो, लहान दांडी ओढली. धुळा माझ्या जागेवर उभा होता. त्याला काय आमची पद्धत माहीत, तो नुसता ओरडला, "हाना!" गाडी निघाली. तिच्यात काहीच बिघाड नव्हता.

वस्तीवर पोचलो तर सुलाबाई अंगणात निघायच्या तयारीला लागली होती. घोंगड्या उन्हात घातलेल्या, घोड्यावर लादायची भांडी घासून उपडी मांडलेली. एडक्याचा आवाज ऐकून धावतच आली आणि नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या बाजूला आली. दार उघडलं तर आत मी. "बया! ह्यो ड्रायवर कुठनं धरून आनला?" असं म्हणून हसली, आणि वाकून पलीकडच्या सीटकडे बघितलं, मग मागे बघितलं. "आन् आमची बाई कुठाय?"

माझं वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "आली नाही." पुढचं मी म्हणणार होतो. पण ती कुणाला पुढचं म्हणू देते? "गुडघं? गुडघंच आसनार! म्या म्हनलं हुतं. दुखत्याती व्हय लय?" आणि मी मान हलवली. मयूरी, मी फक्त मान हलवली. एवढीच हालचाल आयुष्यभर करत आलो आहे. तेवढ्यानेच झालं. ती बोलायला लागली ती थांबेना. "तिला म्हनावं, चालत यायला कुनी सांगितलंय? एडका हाय की दारात. बसून यायचं, बसून जायाचं. माझ्या हातानं आंबेहळद लावली आस्ती. आता जेठापतुर गाठ न्हाई, ठावं हाय ना तिला?" मेंढरं वळवून मागोमाग आलेला धुळा दारात उभा होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मी तव्यावरच्या भाकरीकडे बघत होतो. तिने बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. तुझी आई दोन भाकरी खायची म्हणून माझ्या ताटातही दोन घातल्या. "तिच्या वाटनीची बी तुमीच खावा आज." मी खाल्ल्या. प्रत्येक घासाला वाटत होतं, हा गिळला की सांगू. त्या संपल्या.

मी उठलो तेव्हा तिने मला थांबवलं. आतून सूप घेऊन आली. सुपात ज्वारी, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, हिरवा खण. म्हणाली, "बहीन आली न्हाई म्हनून तिची ओटी ऱ्हाती व्हय? तुमास्नी पदर न्हाई दाजी, टावेल धरा." खांद्यावरचा टॉवेल मी दोन्ही हातांनी धरला. अंगणात उभा राहून. ती एकेक ओंजळ घालत होती आणि हसत होती, "बगा गं, बापयाची ओटी भरतीया!" मग हळदकुंकवाचा करंडा उघडला आणि थबकली. लावायला कपाळ नव्हतं. विचार करून तिने टॉवेलाच्या कोपऱ्याला बोट टेकलं, हळद, मग कुंकू. "हे तिच्या कपाळाला टेकवा घरी गेल्यावर. इसरू नका. तुमी इसरताय." शेवटी टॉवेलाला गाठ मारून दिली आणि दर वर्षीसारखा गाडीच्या बॉनेटला भंडारा लावला. तिला द्यायला नेलेलं लुगडं मी तिच्या हातात दिलं. तिने ते उलगडून बघितलं आणि म्हणाली, "बाईची निवड न्हाई ही." बरोबर होतं. मी घेतलं होतं.

धुळा ओढ्यापर्यंत सोबत आला. ओढा पार झाल्यावर खिडकीशी आला. रागावला असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "सायेब, म्या न्हाई सांगनार. माज्या तोंडानं तिची भन मरायला नगं. पर तिला आसंच कोकनात न्यायचं म्हंजी... वाटंनं रोज ती बाईचं नाव काढंल, आन् म्या ऐकत चालायचं?" मग म्हणाला, "पाडव्याच्या आत या. पर एकलं येऊ नगा." आणि मेंढरांमागे निघून गेला.

ओटी मी शेजारच्या सीटवर ठेवून आलो. खाचखळग्यात सांडू नये म्हणून एक हात तिच्यावर होता. आता ती इथे टेबलावर आहे, गाठ सोडलेली नाही. टॉवेलाच्या कोपऱ्यावरचं कुंकू ओलं होतं, ते माझ्या अंगठ्याला लागलं आहे आणि या कागदालाही लागलं असेल. ही ओटी काय करायची मला समजत नाही. देवापुढे ठेवायची नाही, टाकायची नाही, दळायची तर कुणासाठी? तिच्या कपाळाला टेकवा म्हणाली. तिचा फोटो भिंतीवर आहे, त्याला हार तूच घातलास. मी समोर उभा राहिलो, पण टॉवेल वर उचलवला नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून बघितलं. इतकी पानं झाली, पण जे सांगायला मी आज एवढ्या लांब गेलो होतो ते वाक्य यातही कुठे नाही. तू त्या वेळी मला विचारलं होतंस की फोन केरबाकाकांनी का केला, तुम्ही का नाही केलात. शेजाऱ्याच्या तोंडून मला कळावं का, असं म्हणालीस आणि मी तेव्हाही गप्प होतो. केरबांनी नंबर फिरवून रिसीव्हर आधी माझ्याकडेच दिला होता. तू 'हॅलो, बाबा?' म्हणालीस ते मी ऐकलं आणि तो परत त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी राहिलेलं आज करतो. मयूरी, तुझी आई गेली. श्रावणात, मिरजेला, सकाळी, माझ्यासमोर. गोदावरी गेली. हे मी तोंडाने अजून कुणालाही सांगितलेलं नाही, कागदावर पहिल्यांदा तुला सांगितलं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही. सुलाबाईला सांगूनही वाटणार नाही. तरी तिला सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं. तू फक्त पाडव्याच्या आत दोन दिवस ये. गाडी तू चालव, तुला येते. ओढा आला की मी उतरून हब फिरवीन आणि बॉनेटवर हात मारीन, तेव्हा तू एकदा हॉर्न दे. त्यानंतर गाडी शिरवळला देऊन टाकू आणि तू म्हणशील तिथे मी येऊन राहीन, मला आता सगळीकडे सारखंच आहे. तुला रजा मिळाली नाही तर तसं कळव, मी रागावणार नाही.

तुझाच,
बाबा

ता. क. – पाकीट बंद करण्याआधी आठवलं की सगळा डांबरी रस्ता मी हब लागलेलेच ठेवून आलो. आता खाली जाऊन मोकळे केले. डावा वाळूने अडला होता. ही वाळू काढायला गाडीत एक जुना टूथब्रश असतो, तो घेऊन दोन्ही हब साफ केले, फडक्याने पुसले आणि दार लावून वर आलो.